प्री ते पोस्ट : एका निरोपाचा इतिहास

नवी मुंबईसाठी सिडकोनं ९५ गावांची जमीन घेतली, त्याचा इतिहास लिहिला गेला. १९८४ साली दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, त्याचाही लिहिला गेला. पुढं याच परिसरात, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना, ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहिली. त्यांतल्या रॅकमध्ये सर्व्हर चढवायचे, त्यांवर ओएस टाकायची, हा एक धंदा तयार झाला. त्याचा इतिहास अजून ते काम केलेल्या माणसांच्या डोक्यातच आहे आणि ती माणसं पन्नाशीला टेकली आहेत.

मी त्यांतलीच एक. कामोठ्यात राहते, इथल्याच एका गाळ्यात मुलामुलींना लिनक्स शिकवते, आणि त्याआधी बरीच वर्षं रात्रपाळ्या केल्या आहेत. आमच्या धंद्यातली पुष्कळ माणसं कामोठ्यात राहायला आली. भाडी खारघरपेक्षा कमी, मानसरोवर स्टेशन चालत गाठता येतं, सायन-पनवेल रस्ता हाताशी. रात्री दहाच्या पाळीला निघालेली आणि सकाळी आठला परत येणारी तरुण मंडळी इथल्या प्रत्येक सोसायटीत दिसतात. त्यांना शेजारी फार तर 'कम्प्युटरमध्ये आहे' एवढंच ओळखतात.

क्लासमध्ये दर बॅचला एक प्रश्न येतोच. 'मॅडम, प्रीमध्ये फाइल लिहिली, पोस्टमध्ये ती दिसतच नाही. डिलीट कोण करतं?' प्री म्हणजे इन्स्टॉलेशनच्या आधी चालणारी स्क्रिप्ट, पोस्ट म्हणजे नंतर चालणारी. डिलीट कोणीच करत नाही. पण या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं तर पंचवीस-तीस वर्षं मागं जावं लागतं, कारण माझ्या मते स्वयंचलित इन्स्टॉलेशनचा सगळा इतिहास याच एका अडचणीभोवती फिरत आला आहे : एका टप्प्याला कळलेली गोष्ट पुढच्या टप्प्याला कशी कळवायची.

सुरुवातीला ही अडचण नव्हती, कारण मधे माणूस होता. १९९६ साली 'पीसी क्वेस्ट' मासिकानं अंकाबरोबर लिनक्सची सीडी दिली. त्यामागं अतुल चिटणीस होते. आज हे वाचून कुणाला त्याचं मोल कळणार नाही. त्या आधीच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमनं देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं होतं आणि ते फोनच्या तारेवरून येत होतं. एक सीडीभर माल त्या तारेवरून उतरवणं म्हणजे फोनच्या बिलापायी घर विकणं. मासिकाबरोबर आलेली सीडी हातोहात फिरायची, लॅमिंग्टन रोडवर तिच्या प्रती मिळायच्या आणि आमच्या पिढीतल्या कित्येकांनी पहिलं लिनक्स टाकलं ते त्या सीडीवरून.

तेव्हा इन्स्टॉलर एकेक प्रश्न विचारायचा. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, डिस्कचे भाग कसे पाडायचे, यंत्राचं नाव काय, आयपी कोणता, रूटचा पासवर्ड काय. समोर बसलेला माणूस उत्तरं द्यायचा. एका पडद्यावर डिस्क किती जीबीची आहे हे वाचून पुढच्या पडद्यावर तो त्यानुसार आकडा भरायचा. सगळं झालं, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं की तोच माणूस लॉगिन करून डायरीतून बाकीच्या गोष्टी उतरवायचा : डीएनएस, वेळेचा सर्व्हर, बॅकअपची जागा. टप्प्याटप्प्यांमधली सगळी माहिती त्याच्या डोक्यातून आणि डायरीतून पुढं जात होती. यंत्राला काही लक्षात ठेवायची गरजच नव्हती.

माणूस काढून टाकायचं ठरलं आणि मग कळलं की तो नुसती बटणं दाबत नव्हता.

हे सुरुवातीलाच नीट ओळखलं ते सन मायक्रोसिस्टिम्सनं. त्यांच्या सोलारिसमध्ये नव्वदच्या दशकात जंपस्टार्ट आलं. मुंबईतल्या बँकांच्या यंत्रदालनांत सनची यंत्रं असत आणि आमचे सगळे सीनियर त्यांवरच तयार झालेले. जंपस्टार्टचे तीन भाग होते : आधी चालणारी बिगिन स्क्रिप्ट, काय टाकायचं ते सांगणारा प्रोफाइल आणि शेवटी चालणारी फिनिश स्क्रिप्ट. बिगिन स्क्रिप्टला यंत्र तपासता यायचं, पण तपासून काय उपयोग, प्रोफाइल तर आधीच लिहून ठेवलेला? सननं यासाठी एक वाट ठेवली होती. 'एसआय प्रोफाइल' नावाच्या व्हेरिएबलमध्ये एका फाइलचा पत्ता असायचा. नियमांच्या फाइलमध्ये प्रोफाइलच्या नावाच्या जागी नुसतं बरोबरचं चिन्ह टाकलं, की इन्स्टॉलर समजायचा : प्रोफाइल आयता नाही, बिगिन स्क्रिप्ट तो त्या पत्त्यावर आत्ता लिहून देईल. आणि फिनिश स्क्रिप्टला नवी डिस्क 'ए' नावाच्या डिरेक्टरीखाली जोडलेली मिळायची, म्हणजे तिला पुढच्या आयुष्यासाठी जे ठेवायचं ते तिथं ठेवता यायचं. पुढं आलेल्या प्रत्येक पद्धतीत मला याच दोन कल्पना पुन्हापुन्हा भेटल्या आहेत.

रेड हॅटनं नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात किकस्टार्ट आणलं. सुरुवातीचं किकस्टार्ट फ्लॉपीवर चालायचं. सगळ्या प्रश्नांची उत्तरं एका फाइलमध्ये लिहायची, फाइल फ्लॉपीवर टाकायची, बूट प्रॉम्प्टवर 'लिनक्स केएस=फ्लॉपी' असं टाइप करायचं आणि बाजूच्या यंत्राकडे वळायचं. प्रत्येक यंत्राचा आयपी वेगळा, म्हणून प्रत्येकाची फ्लॉपी वेगळी. फ्लॉप्यांचा एक डबाच असायचा, प्रत्येकीवर पेननं नाव लिहिलेलं. बुरशी लागलेली फ्लॉपी अर्ध्यात दगा द्यायची, आणि नवी मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी लागायला वेळ लागत नाही.

फ्लॉपी गेली ती पीएक्सईमुळं. इंटेलनं १९९९ साली त्याची २.१ ही आवृत्ती प्रसिद्ध केली आणि नेटवर्क कार्डालाच स्वतः बूट होता येऊ लागलं. यंत्र सुरू झालं की कार्ड डीएचसीपीला हाक मारतं, आयपी घेतं, टीएफटीपी या १९८१ पासूनच्या साध्यासुध्या प्रोटोकॉलनं बूट लोडर उतरवतं. एच. पीटर ॲनव्हिन यांचा पीएक्सईलिनक्स हा तो लोडर. तो आपल्यासाठी काही निरोप ठेवला आहे का, हे ज्या चिकाटीनं शोधतो ते मला अजूनही आवडतं. तो आपल्या कार्डाच्या मॅक पत्त्याच्या नावाची फाइल मागतो. नाही मिळाली तर आपला आयपी हेक्साडेसिमलमध्ये लिहून त्या नावाची फाइल मागतो. तीही नाही, तर शेवटचा एक अंक कापून मागतो, मग आणखी एक कापून, आणि काहीच उरलं नाही की 'डिफॉल्ट' मागतो. यंत्राला त्याचा खास निरोप द्यायचा असेल तर मॅकच्या नावानं ठेवा, एका ओळीतल्या सगळ्यांना द्यायचा असेल तर आयपीच्या अर्ध्या नावानं ठेवा. एवढ्या साध्या युक्तीवर महाप्यात शेकडो यंत्रं उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

पण पहिला खड्डा इथंच होता. लोडरनं लिनक्सचा कर्नल उतरवला, त्याला सुरू केलं आणि तो स्वतः संपला. कर्नलला आता काही आठवत नाही. आपण कुठल्या कार्डावरून आलो तेही नाही. चार पोर्टांच्या यंत्रात तो भलत्याच पोर्टवर डीएचसीपी शोधत बसायचा आणि इन्स्टॉलेशन तिथंच थांबायचं. उपाय निघाला तो लोडरच्या 'आयपीअपेंड' या सूचनेतून : ज्या कार्डावरून बूट झालं त्याचा मॅक लोडरनं जाताजाता कर्नलच्या कमांड लाइनला जोडायचा, आणि इन्स्टॉलरनं तो वाचून तेच कार्ड धरायचं.

ही कमांड लाइन म्हणजे आमच्या धंद्यातला सर्वांत भरवशाचा निरोप्या. एकच ओळ, पण ती 'प्रोक' डिरेक्टरीत वाचता येते आणि इन्स्टॉलेशन संपेपर्यंत टिकते. प्री स्क्रिप्टला दिसते, पोस्ट स्क्रिप्टलाही दिसते. इन्स्टॉलरला ज्या शब्दांचा अर्थ कळत नाही ते तो सोडून देतो, म्हणून आम्ही आमचे शब्द त्यात घुसवायचो : हे यंत्र वेब सर्व्हर आहे की डेटाबेस, कुठल्या रॅकमधलं, कुठल्या ग्राहकाचं. मात्र पहिल्या रीबूटनंतर डिस्कवरचा बूट लोडर ग्रब नवी ओळ देतो आणि जुनी कायमची जाते.

आता प्री आणि पोस्टकडे येते. किकस्टार्ट फाइलमध्ये उत्तरं असतात, पॅकेजांची यादी असते आणि स्क्रिप्टा असतात. प्री ही स्क्रिप्ट फाइल हाती आल्याबरोबर चालते. तेव्हा डिस्कला कुणी हात लावलेला नसतो. इन्स्टॉलर मेमरीत उभा असतो तो लग्नाच्या मांडवासारखा : कार्य उरकलं की मांडव उतरतो, खांबावर कुणी काही लिहून ठेवलं असेल तर तेही त्याच्याबरोबर जातं. प्रीला डिस्क मोजता येतात, मेमरी मोजता येते, यंत्राचा सीरियल नंबर वाचता येतो. हे सगळं ती 'टीएमपी' डिरेक्टरीत लिहिते. किकस्टार्टच्या मुख्य भागात 'इन्क्लूड' असं लिहून त्या फाइलकडे बोट दाखवलं असेल, तर प्री संपल्यावर इन्स्टॉलर ती वाचून पुढं जातो. सनच्या बरोबरच्या चिन्हाचंच हे दुसरं रूप. इथपर्यंत मुलांना काही अडत नाही.

अडतं ते पुढं. पॅकेजं टाकून झाली की पोस्ट चालते, आणि ती चालते नव्या डिस्कलाच मूळ मानून. तिच्यासाठी 'टीएमपी' म्हणजे नव्या डिस्कवरची टीएमपी, जी रिकामी आहे. प्रीनं लिहिलेली फाइल त्या क्षणी जिवंत असते, पण इन्स्टॉलरच्या मेमरीतल्या टीएमपीत. पत्ता तोच, जागा वेगळी. दोघींच्या मधे एक तिसरी लागते : 'नो-क्रूट' पोस्ट. ती मेमरीतच उभी राहते आणि तिला नवी डिस्क 'एमएनटी'खालच्या 'सिसइमेज'मध्ये जोडलेली दिसते. तिचं काम एका ओळीचं. इथली फाइल उचलायची, तिथं ठेवायची. पोस्ट स्क्रिप्टा फाइलमध्ये ज्या क्रमानं लिहिल्या त्याच क्रमानं चालतात, म्हणून ही आधी लिहायची आणि खरी पोस्ट नंतर. आमचे एक सीनियर होते, त्यांना सगळे सरच म्हणायचे. ते सांगायचे, 'पोस्टला आठवण नसते, तिच्या हातात कागद दे.' त्यांच्याकडून शिकलेली पोरं आज या पट्ट्यात मोठ्या जागांवर आहेत.

प्रीची आणखी एक लोकप्रिय युक्ती होती : तिसऱ्या टर्मिनलवर जायचं, तिथं बसलेल्या माणसाला यंत्राचं नाव विचारायचं, त्यानं टाइप केलेलं टीएमपीत लिहायचं आणि परत यायचं. बहुतेक ठिकाणी हीच पद्धत होती, कारण सोपी होती. ती मोडली २६ जुलै २००५ ला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या मंगळवारी लोकल बंद पडल्या आणि आम्ही कामोठ्यात अडकलो. महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये जागेवर होता तो फक्त सुरक्षारक्षक. एका सर्व्हरची डिस्क गेली होती, शेजारचं राखीव यंत्र तयार करायचं होतं. पॉवरचं बटण दाबण्यापुरती त्यानं फोनवरून मदत केली. पण प्रीचा प्रश्न पडद्यावर लुकलुकत राहिला. त्या बिचाऱ्याला नाव लिहायला सांगणं म्हणजे एकेक अक्षर इंग्रजीतून फोनवर सांगणं, आणि फोनही मधेच जायचे. त्या पावसाळ्यानंतर आम्ही कुठल्याही प्रीमध्ये प्रश्न ठेवला नाही. यंत्राचा सीरियल नंबर प्रीनं वाचायचा, सर्व्हरवरच्या तक्त्यात शोधायचा, नाव तिथून आणायचं. रॅकमध्ये चढवण्याआधीच खोक्यावरचा नंबर तक्त्यात भरायची शिस्त तेव्हा लागली. किकस्टार्टमध्ये आणखी एक सोय होती : एक शब्द कमांड लाइनवर टाकला की फाइल मागतानाच इन्स्टॉलर आपला मॅक वेबसर्व्हरला सांगायचा, आणि सर्व्हर त्या यंत्रापुरती फाइल तिथल्या तिथं बनवून द्यायचा.

निरोप पोहोचला तरी अर्थ पोहोचतोच असं नाही, हा पुढचा धडा. प्रीनं कार्डाचं नाव लिहिलं 'ईटीएच शून्य', पोस्टनं ते जसंच्या तसं उचललं, पण रीबूटनंतर नवा कर्नल ड्रायव्हर वेगळ्या क्रमानं चढवायचा आणि कालचं शून्य आज एक झालेलं असायचं. केबल एका पोर्टला, आयपी दुसऱ्याला. डिस्कचंही तेच. इन्स्टॉलेशनच्या वेळी पेनड्राइव्ह लावलेला असेल तर तोच 'एसडीए', म्हणजे पहिली डिस्क, होऊन बसायचा आणि डिस्क पुसणारी 'क्लिअरपार्ट' ही आज्ञा त्याच्यावरच चालायची. म्हणून जाणती माणसं निरोपात नाव लिहीत नसत, ओळख लिहीत : कार्डाचा मॅक, डिस्कचा सीरियल. २०१३ मध्ये सिस्टिमडीनं कार्डांना त्यांच्या जागेवरून ठरणारी नावं द्यायला सुरुवात केली आणि २०१४ च्या रेड हॅट सातमध्ये ती सगळीकडे आली. खूप जणांनी त्या लांबलचक नावांबद्दल कुरकुर केली. मी केली नाही. एका टप्प्यात ठरलेलं नाव दुसऱ्या टप्प्यात टिकतं, याची किंमत मला माहीत होती.

आणि एक निरोप उलटा असतो, त्याची आठवण लोकांना उशिरा होते. पोस्टनं सर्व्हरला कळवायला हवं की काम झालं. एका कंपनीत हे नव्हतं. यंत्रांचा बूट क्रम नेटवर्क आधी असा ठेवला होता आणि सर्व्हरवर प्रत्येक मॅकसाठी इन्स्टॉलेशनची फाइल तशीच पडून होती. कित्येक महिने काही झालं नाही, कारण यंत्रं बंदच झाली नाहीत. मग एका रात्री वीज गेली, यूपीएसनं दगा दिला, आणि परत आली तेव्हा भरलेल्या यंत्रांनी आज्ञाधारकपणे स्वतःला पुसून नवं लिनक्स टाकायला सुरुवात केली. ग्राहकाचा डेटा बॅकअपवरून आणेपर्यंत तिघं-चौघं दोन दिवस घरी गेले नाहीत. २००६ च्या सुमारास मायकेल डीहान यांनी रेड हॅटमध्ये लिहिलेल्या कॉबलर या इन्स्टॉलेशनच्या साधनात यावर 'एकदाच पीएक्सई' अशी सोय होती : पोस्ट शेवटी सर्व्हरला हाक मारते, सर्व्हर त्या यंत्राचं नेटवर्क बूट बंद करतो. याच डीहान यांनी पुढं २०१२ मध्ये सर्व्हर सांभाळण्याचं 'अन्सिबल' हे साधन आणलं. माझ्या दृष्टीनं कॉबलरची ती छोटी सोयही तितकीच मोलाची आहे.

यंत्रांची संख्या किती वाढू शकते हे महाराष्ट्रानं २००७ मध्ये पाहिलं. टाटांच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजनं पुण्यात उभारलेला 'एका' हा महासंगणक त्या नोव्हेंबरच्या जागतिक यादीत चौथा आला. लिनक्सवर चालणारा, १४,२४० कोअरांचा, ११७.९ टेराफ्लॉपचा. एका ब्लेडमध्ये आठ कोअर धरले तर पावणेअठराशेच्या आसपास यंत्रं. अशा समूहात एका यंत्राचं दुसऱ्यापेक्षा वेगळेपण म्हणजे केवळ एक क्रमांक, आणि तो क्रमांक पहिल्या टप्प्यापासून शेवटपर्यंत न हरवता जाणं, हेच सगळं काम. ती बातमी आम्ही महाप्याच्या कँटीनमध्ये वाचली तेव्हा सगळ्यांचा ऊर भरून आला होता.

रेड हॅटच्या बाहेरही हीच धडपड चालू होती. कोलोन विद्यापीठात टोमास लांगे यांनी १९९९ मध्ये डेबियनसाठी सुरू केलेल्या 'फाय'मध्ये टप्प्यांमधल्या माहितीसाठी एक वहीच ठेवलेली आहे : स्क्रिप्टनं 'ॲडिशनल' नावाच्या व्हेरिएबलांच्या फाइलमध्ये जे लिहिलं, ते पुढच्या प्रत्येक टप्प्याला आपोआप मिळतं. इतकं सरळ मी दुसरीकडे पाहिलं नाही. सुसेच्या ऑटोयास्टमध्ये प्री स्क्रिप्टनं 'मॉडिफाइड' नावाची फाइल टाकली की इन्स्टॉलर मूळ सोडून ती घेतो. डेबियनच्या प्रीसीडमध्ये आधीची आणि नंतरची कमांड, आणि नवी डिस्क 'टार्गेट'खाली.

इथं एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. रेड हॅटच्या अनाकोंडा इन्स्टॉलरचे पडदे मराठीत आहेत. 'एमआर-आयएन' निवडलं की भाषेपासून डिस्कच्या वाटणीपर्यंत सगळं मराठीत समोर येतं. पण आम्ही माणूस मधून काढला आणि ते पडदे कुणी वाचेनासं झालं. माझ्या क्लासमध्ये पहिलं इन्स्टॉलेशन मी अजून हातानं आणि मराठीत करून घेते. एकदा तरी प्रत्येक प्रश्न स्वतः वाचावा, मग तो फाइलमध्ये लिहावा.

निरोपाची एक काळी बाजू आहे, तिच्याबद्दल मी क्लासमध्ये कडक असते. किकस्टार्ट फाइलमध्ये रूटचा पासवर्ड असतो, फार तर हॅश केलेला. ती फाइल वेबसर्व्हरवर उघडी पडलेली असते, नेटवर्कमध्ये कुणीही मागितली तर मिळते. प्रीकडून पोस्टकडे जाणाऱ्या फाइलमध्ये डेटाबेसचे पासवर्ड मी पाहिले आहेत, आणि पोस्टनं वापरल्यावर ती फाइल पुसलेली नसते, रूटच्या डिरेक्टरीत वर्षानुवर्षं पडून राहते. इन्स्टॉलर स्वतःही तिथं 'अनाकोंडा-केएस' ही फाइल ठेवून जातो. माझा नियम सरळ आहे : टप्प्यांमधून गुपित जाऊ द्यायचं नाही. एकदाच चालेल आणि तासाभरात मरेल असं टोकन द्यायचं, गुपित यंत्रानं पहिल्या बूटनंतर स्वतः मागून घ्यायचं.

क्लाउड आल्यावर हे सगळं संपलं असं मुलांना वाटतं. अमेझॉननं जून २०१६ मध्ये मुंबई रीजन सुरू केला, २०२० मध्ये आमच्या पनवेलजवळ योट्टाचं प्रचंड डेटा सेंटर उघडलं, आणि यंत्र आता तयार इमेजवरून मिनिटभरात उभं राहतं. पण त्या मिनिटात काय होतं? इमेज सगळ्यांची सारखी, म्हणून तिच्यातलं 'क्लाउड-इनिट' हे सॉफ्टवेअर पहिल्या बूटला १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर जाऊन विचारतं : मी कोण, माझं नाव काय, मला काय करायचं आहे? मॅकच्या नावाची फाइल मागणारा पीएक्सईलिनक्सच तो, घर बदललेला. उबुंटूनं २०.०४ पासून सर्व्हरच्या स्वयंचलित इन्स्टॉलेशनसाठी जी नवी पद्धत आणली तिच्यात आधीच्या कमांडी चालून झाल्यावर इन्स्टॉलर आपली सूचनाफाइल पुन्हा वाचतो, म्हणजे त्या कमांडींना ती मधल्या मधे बदलता येते. सनच्या बिगिन स्क्रिप्टनं नव्वदच्या दशकात नेमकं हेच केलं होतं.

एवढं असून रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेच्या अभ्यासक्रमात सातव्या आवृत्तीपर्यंत असलेलं किकस्टार्ट आठव्या आवृत्तीपासून वगळलं गेलं. परीक्षेत नाही म्हटल्यावर क्लासवाल्यांनी शिकवणं सोडलं. नवी मुंबईत आज प्रत्यक्ष लोखंडी यंत्रं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहेत, क्लाउड ज्यांवर चालतं ती यंत्रंही कुणीतरी भरतच असतं, आणि ते काम करणाऱ्या पोरांना प्री आणि पोस्टमधला फरक कुणी समजावून सांगत नाही. मी शिकवते. परीक्षेत नसलं तरी दोन शनिवार त्यालाच देते. माझं ठाम मत आहे की इंजिनिअरिंग कॉलेजांनी हे शिकवावं, आणि जुन्या खऱ्याखुऱ्या फायली समोर ठेवून शिकवावं.

त्या फायली तुमच्याकडे आहेत. २००० ते २०१५ या काळात ऐरोलीपासून पनवेलपर्यंत ज्यांनी ज्यांनी सर्व्हर भरले, त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर, सीडीवर, एखाद्या मेलच्या ॲटॅचमेंटमध्ये किकस्टार्टच्या, जंपस्टार्टच्या, प्रीसीडच्या फायली पडून आहेत. त्यांत '%एंड' नसलेल्या असतील, म्हणजे त्या बहुधा रेड हॅट सहाच्या आधीच्या. कमांड लाइनवर नुसतं 'केएस' असेल, म्हणजे 'इन्स्ट डॉट केएस' रुळण्याआधीच्या. त्या पुसू नका. प्रत्येकीवर वर्ष लिहा, कुठल्या प्रकारच्या यंत्रासाठी होती ते लिहा, आणि प्रीकडून पोस्टकडे काय पाठवत होतात व का, हे दोन ओळींत मराठीत लिहा. मग त्या एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिकवणाऱ्या कुणाकडे तरी द्या. देण्याआधी पासवर्डची आणि ग्राहकाच्या आयपीची ओळ तेवढी काढून टाका.